लहान विमान आणि मोठी सावधगिरी

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

पश्चिम भारताचा नकाशा समोर पसरून अहमदाबाद आणि मुंबई या दोन नगरांवर फूटपट्टी ठेवली, तर मधली सरळ रेघ सुरतेजवळ डुमसच्या किनाऱ्यावरून जाते. सचिन हे गाव या रेघेच्या पूर्वेस अवघ्या 15-16 किलोमीटरांवर आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाची थैली घेऊन उड्डाण केले, अहमदाबादेस इंधन भरले आणि तेथून ते जुहूच्या मैदानावर येऊन उतरले. विमान होते 'पस मॉथ' जातीचे. त्याला एकच एंजिन होते, आणि जमिनीशी बोलण्यास बिनतारी यंत्र नव्हते. त्या काळच्या वैमानिकांना वाटाड्या म्हणजे होकायंत्र, समुद्राची किनार, नद्यांची मुखे आणि लोहमार्ग. सचिनचे स्थानक ज्या मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर आहे, तोच मार्ग पुढे टाटा घराण्याच्या नवसारीवरून दक्षिणेस जातो.

आज त्याच सचिनच्या परिसरात कारखाने उभे आहेत. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे सुरतेच्या या भागात स्थिरावली आहेत. त्यांच्या मूळ मुलुखात, शिरपूर आणि धुळे येथे, विमानचालनाचे शिक्षण देण्याची सोय झाली; बारामती आणि गोंदिया येथेही ती झाली. खुद्द सुरतेतील हिरे-व्यापाऱ्यांनी उभारलेल्या कंपनीची नऊ आसनी सेस्ना विमाने या शहरातून उडाली. कांदिवलीच्या अमोल यादव यांनी तर इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, आणि 2016 साली ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले. लहान विमान ही आता केवळ संस्थानिकांची हौस राहिलेली नाही. म्हणूनच ते सुरक्षित कसे राखावे, हा प्रश्न अनेक घरांचा होऊ लागला आहे.

मोठ्या प्रवासी विमानामागे केवढा तरी परिवार उभा असतो. कोणी इंधन मोजतो, कोणी हवामान पाहतो, कोणी चाके तपासतो, आणि चालकाच्या शेजारी दुसरा चालकही असतो. लहान विमानाच्या मालकाला बहुधा हे सारे एकट्यानेच व्हावे लागते. तोच चालक, तोच तपासनीस आणि तोच कोठावळा! त्याच्या हातून एक गोष्ट निसटली, तर ती ध्यानात आणून देणारे माणूस जवळ नसते. उपकरणांचा विचार करताना ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

या संदर्भात 1930 सालची एक हकीकत स्मरणीय आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखान यांनी बक्षीस जाहीर केले होते. तरुण जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते, आणि अवघा 17 वर्षांचा अॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून हिंदुस्थानाकडे येत होता. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अॅस्पीचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते. जवळ जादा प्लग नव्हता. टाटांनी जादा प्लग बरोबर घेतले होते. ते त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले. अॅस्पी पुढे गेला आणि बक्षीसही त्यालाच मिळाले. उपकाराची फेड म्हणून त्याने आपले जीवरक्षक जाकीट टाटांना दिले, असे सांगतात. कारण भूमध्य समुद्र ओलांडायचा राहिला होता तो टाटांना, आणि त्यांच्यापाशी जाकीट नव्हते. टाटांच्या औदार्याबद्दल ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात दुसराही बोध आहे. दोघेही हुशार आणि धाडसी होते. तरीही एकापाशी प्लग नव्हता आणि दुसऱ्यापाशी जाकीट नव्हते. बुद्धी आणि धैर्य ही सामानाची उणीव भरून काढीत नाहीत.

सामान असूनही ते विसरले जाते, हा दुसरा धोका. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत डेटन येथे बोइंग कंपनीच्या एका नव्या बाँबफेकी विमानाची परीक्षा चालू होती. चालक मेजर हिल हे अत्यंत अनुभवी होते. उभ्या विमानाची सुकाणू-पाती वाऱ्याने आपटू नयेत म्हणून जो अडसर लावतात, तो काढण्याचे राहून गेले. विमान वर चढले, हाताबाहेर गेले आणि कोसळले. मेजर हिल प्राणास मुकले. चूक अज्ञानाची नव्हती, विस्मृतीची होती. त्यावर उपाय निघाला तोही अगदी साधा. उड्डाणापूर्वी करावयाच्या गोष्टींची एक यादी कागदावर लिहिली गेली, आणि ती प्रत्येक वेळी वाचण्याचा नियम झाला. आज जगातील प्रत्येक विमानात अशी यादी असते. लहान विमानाच्या मालकास ती पाठ असते, आणि धोका नेमका तेथेच आहे. पाठ असलेली गोष्ट ओठांवरून घसरत जाते. मन मात्र भलतीकडे असते. म्हणून यादी हातात घ्यावी, एकेक ओळ वाचावी, आणि सांगितलेल्या वस्तूस प्रत्यक्ष हात लावावा. मध्येच कोणी बोलावले, तर परतल्यावर आरंभापासून वाचावे.

यादीतील पहिले मोठे प्रकरण इंधनाचे. लहान विमानातील इंधनदर्शक काट्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. टाकीचे झाकण उघडून मापाच्या काठीने इंधन मोजावे. टाकीच्या तळाशी तोटी असते, तिच्यातून थोडे इंधन काचेच्या पेल्यात काढून उजेडात पाहावे. पाणी पेट्रोलहून जड असल्याने ते तळाशी साचते आणि पेल्यात वेगळे दिसते. टाकी अर्धी रिकामी ठेवून विमान रात्रभर उभे केले, तर आतील दमट हवेतून हे पाणी उतरते. किनाऱ्यालगतच्या मुलुखात तर विशेष. दिवसाच्या उड्डाणात मुक्कामी पोचल्यावर किमान अर्ध्या तासाचे आणि रात्री पाऊण तासाचे इंधन शिल्लक असावे, असा सर्वमान्य दंडक आहे. सावध चालक दिवसाही एक तासाचे ठेवतो. शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दाखल्यात पाच जणींनी दिव्यांबरोबर जादा तेल घेतले होते आणि पाच जणींनी घेतले नव्हते. वर आला उशिरा, आणि उशीर होतो तेव्हाच जादा तेलाची किंमत कळते. आकाशात तर उसने मागावयास शेजारीणही नसते.

उष्ण देशातील माणसास खरी वाटणार नाही अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलाची वाफ होताना आतील हवा एकाएकी वीसहून अधिक अंशांनी थंड होऊ शकते. बाहेर 25 अंशांची सुखद उष्णता असली, तरी हवा दमट असेल तर आत बर्फ धरतो आणि एंजिनाचा श्वास कोंडतो. त्यासाठी गरम हवा सोडण्याची मूठ चालकापुढे असते. एंजिन उगाच मंदावू लागले, तर तिची आठवण प्रथम व्हावी. दुसरा शत्रू त्याहून क्षुल्लक दिसतो. गतिमापकाला वारा पुरवणारी जी बारीक नळी पंखाखाली असते, तिच्यात मातीचे घर करणारी कुंभारीण माशी शिरते आणि तोंड लिंपून टाकते. 1996 साली डोमिनिकन प्रजासत्ताकातील पोर्तो प्लाता येथून निघालेले एक मोठे प्रवासी विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व 189 माणसे दगावली. अशी एक नळी बुजून चालकांना खोटी गती दिसत होती, आणि ती बहुधा अशाच माशीने बुजवली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. विमान उभे करताच त्या नळीवर लाल फीत असलेली टोपी चढवावी, आणि उडण्यापूर्वी ती आठवणीने काढावी.

आता चालकाच्या कक्षाकडे वळू. येथील सर्वांत कपटी वैरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला वास नाही, रंग नाही. एंजिनाच्या धुराड्यास चीर पडली, तर तो कक्ष गरम करण्याच्या यंत्रणेतून आत येतो, आणि रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. प्रथम डोके जड होते, मग निर्णयशक्ती मंदावते. आपण बिघडत चाललो आहोत हे जाणण्याची शक्तीच आधी जाते. 21 जानेवारी 2019 रोजी फ्रान्समधील नांत येथून कार्डिफकडे निघालेले एक एंजिनी विमान इंग्लिश खाडीत कोसळले. त्यात एमिलियानो साला हा फुटबॉलपटू होता. त्याच्या रक्तात या वायूचे प्रमाण 58 टक्के आढळले, आणि चालकावरही त्याचा परिणाम झाला असावा असे तपासणाऱ्यांनी म्हटले. त्या विमानात गजर करून सावध करणारे वायुदर्शक यंत्र नव्हते. विमानाच्या किमतीपुढे अशा यंत्राची किंमत नगण्य आहे. रंग बदलणारी स्वस्त पट्टीही मिळते, परंतु ती काही महिन्यांतच निकामी होते, आणि तिच्याकडे पाहण्याचे भान चालकाला राहिले तरच ती उपयोगी. गजर मात्र न पाहणाऱ्यालाही हाक मारतो.

ढगांचेही असेच आहे. यंत्रांवर नजर ठेवून उडण्याचे शिक्षण नसलेला माणूस ढगात शिरला, तर त्याचे कान आणि देह त्याला खोटे सांगू लागतात. विमान कलत असता ते सरळ चालले आहे असे वाटते. 1954 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात असे 20 शिकाऊ वैमानिक तपासले गेले. एकूण एकाचा ताबा सुटला, आणि तोही सरासरी 178 सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आत. केवळ यंत्रांवर नजर ठेवून उडण्याचा त्यांना सराव नव्हता. तेव्हा नवे यंत्र बसवणाऱ्याने ते वापरण्याची तालीमही घ्यावी, आणि ती घेतलेली नसेल तर पुढे ढग दिसताच माघारी वळावे. परत फिरण्यात कमीपणा नाही.

कक्षात ठेवावयाच्या वस्तूंना एकच कसोटी लावावी: पट्टा बांधून बसल्यावर हात तिथवर पोचतो काय? अग्निशामक नळकांडे मागच्या सामानात असेल, तर ते नसल्यासारखेच. ते कोरड्या भुकटीचे नसावे; बंद जागेत ती भुकटी चालकालाच आंधळे करते. विजेऱ्या दोन असाव्यात. हातात मावणारे एक बिनतारी यंत्र भारित करून जवळ ठेवावे. विमानाची वीज गेली तरी त्यावरून जमिनीशी बोलता येते. हल्ली पुष्कळ जण नकाशा टॅब्लेटवर पाहतात. सुरतेच्या वैशाखात काचेखाली ठेवलेला टॅब्लेट तापून आपोआप बंद पडतो. म्हणून कागदी नकाशा घडी करून मांडीशी असावा. पाण्याची बाटली किंवा फोन सुटा ठेवू नये. तो घरंगळत पायाखालच्या पट्ट्यांत अडकला, तर सुकाणू जागीच थांबते. खांद्यावरून येणारा पट्टा प्रत्येक आसनास असावा, आणि तो प्रत्येकाने बांधावा. पाण्यावरून जायचे असेल, तर जीवरक्षक जाकीट आधीच अंगात घालावे; मात्र बाहेर पडेपर्यंत ते फुगवू नये. फुगलेले जाकीट पाणी शिरलेल्या विमानात माणसाला छताशी दाबून धरते.

एवढे करूनही विमान रानात उतरवावे लागले, तर शोधणाऱ्यांना ते सापडले पाहिजे. त्यासाठी संकटसूचक प्रेषक यंत्र असते. जुन्या काळची 121.5 मेगाहर्ट्झवर ओरडणारी यंत्रे आजही काही विमानांत असतील. परंतु 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रह ती हाक ऐकत नाहीत. 406 मेगाहर्ट्झवरील यंत्राचीच हाक उपग्रह झेलतात, आणि भारतात ती बंगळूरच्या केंद्रात पोचते. यंत्राची नोंदणी मालकाच्या नावाने झालेली असावी आणि त्याच्या बॅटरीची मुदत टळलेली नसावी. निघताना घरी किंवा विमानतळावर कोणास तरी मार्ग व पोचण्याची वेळ सांगून जावे. ज्याची कोणी वाट पाहत नाही, त्याचा शोध उशिरा सुरू होतो.

लहान विमानातील प्रवासी बहुधा परके नसतात. मागच्या आसनावर पत्नी असते, मुले असतात, एखादा मित्र असतो. यंत्रातले त्यांना काही कळत नाही. चालकाने सारे पाहिले असेल, एवढ्या विश्वासावर ते पट्टा बांधतात. धुक्याच्या सकाळी यादी हातात धरून विमानाभोवती फिरण्यास पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात चहा निवतो, सोबती कुरकुरतात. त्या पंधरा मिनिटांत मालकाने त्यांच्या विश्वासाचे ऋण फेडलेले असते. अबुकीरच्या त्या दोन तरुणांची गाठ पडली, हा त्यांचा भाग्ययोग होता. प्रत्येक वैमानिकाला वाटेत जादा प्लग घेतलेला टाटा भेटत नाही. म्हणून तो प्लग निघतानाच बरोबर घ्यावा.