मखमली कोळ्याची आई

मखमली म्हटलं की आपल्याला मृगाचा लाल किडा आठवतो. आज मात्र गोष्ट आहे मखमली कोळ्याची. अंगभर बारीक, दाट केस असतात, म्हणून हे नाव.

इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात हा कोळी राहतो. तिथं पाऊस अगदी नावापुरता. कोरड्या ओढ्यांच्या कडेच्या बुटक्या झुडपांवर मादी धाग्यांचं घर विणते आणि त्याच्यापुढे जाळं पसरते. घराला पालापाचोळा आणि खाल्लेल्या किड्यांची टरफलं चिकटवते.

मग ती अंड्यांची पिशवी करते आणि राखत बसते. कधी एखादा नर येऊन ती पिशवीच फेकून देतो. अंडी गेली की ती पुन्हा जुगेल, एवढाच त्याचा हिशोब. मादी त्याच्याशी झुंजते.

पिशवी आतून फोडणं पिल्लांना जमत नाही. आईच ती उघडते. मग पोटातलं पातळ अन्न तोंडावाटे काढून त्यांना भरवते. भरवता भरवता तिच्या आतड्याचंही पाणी होऊ लागतं. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं तिच्या अंगावर चढतात आणि तिलाच खातात. ती पळत नाही. मागे उरतं नुसतं कवच.

आमच्या गटाच्या बैठकीत हे सांगितलं, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग एक काकू म्हणाल्या, "आपलं तरी काय वेगळं गं?"

या कोळ्याचे भाऊबंद भारतातही आहेत. कोरड्या माळावरच्या काटेरी झुडपांत ते मोठ्या संख्येनं एकाच घरट्यात राहतात आणि मिळून शिकार धरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच एका जातीत, पिल्लं नसलेल्या मावश्याही दुसरीच्या पिल्लांना भरवतात. शेवटी पिल्लं त्यांनाही खातात.

काकूंना मी म्हटलं, वेगळं आहे. त्या मादीचं आयुष्य एका विणीपुरतं. पिल्लं निघाली की तिचं काम संपलं. आपल्याला लेकरं मोठी झाल्यावरही कितीतरी वर्षं जगायचंय, शेतात राबायचंय, गटाचा हप्ता भरायचाय. मग सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या अर्ध्या भाकरीवर आपण का भागवायचं?

आज रात्री भाकरी थापून झाल्या की आपलंही ताट सगळ्यांबरोबर वाढून घ्या. भाजी कमी असेल तर सगळ्यांनाच थोडी कमी. पुढच्या बैठकीत मी प्रत्येकीला विचारणार आहे बरं का!