मोटारसायकलच्या इंजिनाची फेरबांधणी : सुट्या भागांची निवड

(ग्रामीण कारागीर, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यातील बसस्थानकांबाहेर आणि बाजारांच्या तोंडाशी पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकली रांगेने उभ्या असतात. त्या चालविणाऱ्यांस येथील लोक 'पायलट' म्हणतात. शेतकऱ्याला बैलजोडी तशी पायलटला त्याची मोटारसायकल. ती उभी राहिली की त्या दिवसाची मिळकतही थांबते. वाड्यावरच्या शाळेत जाणारा शिक्षक, पहाटे घरोघर पाव पोहोचविणारा पोदेर, शेतमाल बाजारात नेणारा शेतकरी यांचीही स्थिती फारशी निराळी नाही. अशा वाहनाचे इंजिन खोलून पुन्हा बांधण्याची वेळ येते, तेव्हा तो त्या कुटुंबाच्या अर्थव्यवहाराचा प्रश्न होतो.

या कामात पैसा बहुधा मजुरीत वाया जात नाही. तो सुट्या भागांच्या चुकीच्या निवडीत जातो. चांगला भाग टाकून दिला जातो, झिजलेला भाग ठेवला जातो, अथवा नवा भाग जुन्या भागाशी न जुळणारा आणला जातो. यास्तव एक सूत्र आरंभीच सांगणे इष्ट ठरेल. कोणता भाग घ्यावा हे दुकानाच्या फळीवर ठरत नाही. इंजिन खोलून, धुऊन आणि मापून झाल्यावर ते ठरते. इंजिनात जो भाग राहणार आहे, त्याच्या मापावरून येणाऱ्या भागाची निवड करावयाची असते.

उदाहरणासाठी सर्वांच्या परिचयाची बुलेट ३५० घेऊ. मूळची इंग्लंडमधील रेडिच येथील ही मोटारसायकल भारतात तयार करण्यासाठी १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. ओतीव लोखंडी सिलिंडरचे तिचे इंजिन थोड्याफार फरकाने २०१० च्या सुमारापर्यंत तयार होत राहिले. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास, ७० मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका बाजूची धाव, ९० मिलिमीटर. शाळेतील वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावले असता उत्तर ३४६ घन सेंटिमीटर येते.

येथेच पहिला सापळा आहे. ऑस्ट्रियातील ए.व्ही.एल. या संस्थेच्या साहाय्याने तयार झालेले पुढचे इंजिन आणि गिअरबॉक्ससह एकसंध बांधणीचे त्यानंतरचे इंजिन, या दोहोंचेही बोअर-स्ट्रोक ७० आणि ९० हेच होते. तरी लोखंडी सिलिंडरच्या इंजिनाचे अनेक महत्त्वाचे भाग त्यांना चालत नाहीत. केवळ 'तीनशेपन्नासचा पिस्टन द्या' असे सांगून आणलेला भाग म्हणूनच परत न्यावा लागतो. दुकानात जाताना गाडीचे नाव, निर्मितीचे वर्ष, इंजिन क्रमांक आणि शक्य असल्यास पुस्तिकेतील भाग क्रमांक कागदावर लिहून न्यावा. जुना भागही फेकून न देता सोबत न्यावा.

इंजिन खोलण्यापूर्वी ते काय सांगते ते ऐकणे अगत्याचे आहे. भार घेऊन चढण चढताना निळा धूर सतत येत असेल, तर रिंगा किंवा बोअर यांच्यावर संशय घ्यावा. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून नंतर उघडताच निळ्या धुराचा लोट येत असेल, तर व्हॉल्व्हचे गाईड झिजले असण्याचा संभव अधिक. काळा धूर हा पेट्रोल जास्त जात असल्याचा निर्देश होय. त्यासाठी प्रथम कार्बोरेटर आणि एअर फिल्टर पाहावेत. तेवढ्यावरून इंजिन खोलण्याचे कारण नाही. योग्य निदानाने कित्येकदा निम्मा खर्च वाचतो.

आता सिलिंडरकडे वळू. बोअर एकाच ठिकाणी मापून भागत नाही. वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर परस्परांशी काटकोनात दोनदा, अशी सहा मापे घ्यावी लागतात. झीज सर्वत्र सारखी नसते. वरची रिंग जेथून मागे फिरते तेथे आणि पिस्टनचा दाब ज्या बाजूस पडतो त्या बाजूस ती अधिक असते. अगदी वरच्या काठाला रिंग पोहोचत नसल्याने तेथे मूळ मापाचा कंगोरा शिल्लक राहतो.

या ठिकाणी गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांच्यात एक नेहमीचा संवाद होतो. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, हात आखडता आहे. पिस्टन राहू दे, रिंगा तेवढ्या बदला." मिस्त्रीही नाइलाजाने तसे करतो. बोअर खरोखरच मापात असेल तर यात काही वावगे नाही. परंतु ते वर रुंद आणि खाली अरुंद झाले असेल, तर नवी रिंग प्रत्येक फेरीत फाकते आणि आवळते. तेल आवरणे तिला जमत नाही. शिवाय नव्या रिंगेची धारदार कड वरच्या कंगोऱ्यावर आपटून रिंग मोडण्याचा अथवा पिस्टनची खाच तुटण्याचा धोका असतो. मग सिलिंडरही ओरबाडला जातो आणि टाळलेला खर्च वाढून परत येतो.

झीज अधिक असल्यास सिलिंडर लेथवर नेऊन मोठा करावा लागतो. यालाच रिबोअर म्हणतात. त्यासाठी पिस्टन सामान्यतः ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर वाढीव मापांत मिळतात. यांतील कोणता घ्यावा, हे एका सोप्या गणिताने कळते. समजा, सर्वांत मोठे माप ७०.२० आले. वरवर पाहता ०.२५ चा पिस्टन पुरेल असे वाटते. परंतु ती सारी झीज एकाच बाजूची असेल, तर मूळ मध्यबिंदूपासून त्या बाजूची त्रिज्या ३५ ऐवजी ३५.२० झालेली असते. मध्य न हलविता सगळा पृष्ठभाग स्वच्छ करावयाचा तर व्यास किमान ७०.४० करावा लागेल. म्हणजे ०.५० चाच पिस्टन घेतला पाहिजे. उलटपक्षी, ०.२५ मध्ये काम होत असता, 'पुढे कटकट नको' म्हणून एकदम १.०० चा पिस्टन घालणे ही उधळपट्टी आहे. सिलिंडरचे लोखंड ही मालकाची ठेव आहे. ती गरजेपुरतीच खर्च करावी. शेवटचे माप संपले म्हणजे नवे स्लीव्ह बसविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दुसरा नियम असा की, पिस्टन आधी आणि बोअर मागून. बोअर करून ठेवून नंतर पिस्टन शोधत फिरणे चुकीचे आहे. एकाच मापाच्या दोन पिस्टनांतही सूक्ष्म फरक असू शकतो. यास्तव पिस्टन हाती घेऊन, त्याच्या खालच्या भागात पिनेशी काटकोनात मायक्रोमीटरने माप घ्यावे आणि त्या पिस्टनासाठी निर्मात्याने सांगितलेली फट मिळवून सिलिंडर कापावा. ॲल्युमिनियम हे ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. फट कमी पडल्यास तापलेला पिस्टन घाटात मध्येच आवळून बसतो. अधिक झाल्यास तो खडखडतो आणि तेल खातो.

रिंगांच्या तोंडातील फटही अशीच तपासावी. रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलावी आणि फीलर गेजने फट मोजावी. निर्मात्याचे पत्रक उपलब्ध नसल्यास व्यासाच्या हजारी तीन ते चार भाग हा ढोबळ हिशेब धरतात. ७० मिलिमीटर बोअरला तो ०.२१ ते ०.२८ मिलिमीटर येतो. होनिंग झाल्यानंतर सिलिंडर केवळ डिझेलने पुसून चालत नाही. गरम पाणी आणि साबण यांनी तो इतका धुवावा की पांढरे फडके फिरविले असता पांढरेच राहील. नंतर ताबडतोब कोरडा करून त्यास तेल लावावे. दगडाची बारीक पूड आत राहिली, तर उत्तमातला उत्तम पिस्टनही थोड्या दिवसांत झिजतो.

मात्र प्रत्येक सिलिंडरला रिबोअर चालतो असे नाही. काही नव्या मोटारसायकलींच्या ॲल्युमिनियम सिलिंडरवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा अतिशय कठीण लेप असतो. तो कापून मोठा पिस्टन घालण्याचा नेहमीचा मार्ग तेथे बंद असतो. मापाचा सिलिंडर आणि पिस्टन जोडीनेच घ्यावा लागतो.

हेडमध्ये गाईड आणि व्हॉल्व्ह यांचा विचार एकत्र करावा. गाईड नवे आणि व्हॉल्व्हची दांडी झिजलेली, ही जोडी टिकत नाही. गाईड बदलल्यावर सीटही पुन्हा कापून घ्यावी, कारण व्हॉल्व्ह सीटवर नेमका कोठे टेकेल हे गाईडच ठरविते.

खालच्या भागात क्रँक आणि कनेक्टिंग रॉड येतात. रॉड धरून वर-खाली ओढून पाहावा. आजूबाजूस थोडी हालचाल असणे स्वाभाविक आहे. वर-खाली हालचाल जाणवता कामा नये. ती जाणवल्यास क्रँकपिन, बिग एंडचे बेअरिंग अथवा बुश आणि रॉड यांचा एकाच निर्मात्याचा संपूर्ण संच घेणे श्रेयस्कर. हे काम हातोड्याच्या अंदाजाने करण्याचे नव्हे. जोडल्यानंतर क्रँक दोन टोकांत धरून डायल गेजवर फिरवून पाहणाऱ्या कारखान्यातच ते द्यावे.

बेअरिंगवरचा आकडा वाचता येणे ही प्रत्येक कारागिराच्या आवाक्यातील विद्या आहे. उदाहरणार्थ, ६३०५ या क्रमांकातील शेवटच्या ०५ ला पाचाने गुणले की आतील व्यास २५ मिलिमीटर मिळतो. त्याचा बाहेरील व्यास ६२ आणि जाडी १७ मिलिमीटर असते. पुढे 'सी ३' असे लिहिले असल्यास आतील मोकळीक नेहमीपेक्षा अधिक आहे, असे समजावे. इंजिन तापते म्हणून काही ठिकाणी तीच आवश्यक असते. ज्या खुणेचे बेअरिंग निघाले, त्याच खुणेचे घालावे. 'आकडा तोच आहे' एवढ्यावर समाधान मानू नये.

गॅस्केट, ऑइल सील आणि पिस्टनपिनेच्या क्लिपा मात्र मापत बसू नयेत. त्या नव्याच घालाव्यात. यांची किंमत थोडी असते. परंतु थकलेली एक क्लिप सुटली तर सगळा सिलिंडर ओरबाडून काढते. लोखंडी बुलेटचा तेल गाळण्याचा नमदाही याच वेळी बदलावा. एअर फिल्टरकडे तर विशेष लक्ष हवे. जांभ्या दगडाची तांबडी धूळ आत गेली की नव्या रिंगांचे आयुष्य घटते. फिल्टरवाचून केलेली फेरबांधणी म्हणजे कुंपणावाचून केलेली बागायत होय.

आता खऱ्या-खोट्या मालाविषयी. मूळ कंपनीच्या खोक्यातला भाग तेवढा चांगला, असे नाही. स्वतःच्या नावाने माल विकणारे प्रतिष्ठित निर्मातेही चांगले भाग देतात. दुसऱ्याचे नाव चोरून विकला जाणारा भाग मात्र टाळावा. २०११ च्या वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि निर्मितीचा महिना व वर्ष असणे आवश्यक आहे. हा तपशील नसेल किंवा अक्षरे पुसट असतील, तर सावध व्हावे. पावती अवश्य घ्यावी. पावतीवाचून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागताना खरेदी सिद्ध करणे अवघड जाते.

कायद्याची आणखी एक बाब आहे. इंजिन क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो. ती फुटली म्हणून भंगारबाजारातून दुसऱ्या गाडीची क्रँककेस आणून बसविली, तर नोंदणी पुस्तकातील तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ राहत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा येथे संबंध येतो. म्हणून असे करण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याकडे चौकशी करून रीतसर मान्यता घ्यावी. अन्यथा प्रामाणिक मनुष्यावरही चोरीच्या मालाचा संशय येऊ शकतो.

या विषयाशी शिक्षकांचाही निकटचा संबंध आहे. दशांश अपूर्णांक, त्रिज्या आणि व्यास, उष्णतेने होणारे प्रसरण हे सर्व धडे गावच्या गॅरेजात प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. आणि कारागिराने एक मायक्रोमीटर, एक फीलर गेज आणि एक वही जवळ बाळगली, तर त्याच्या शब्दाला वजन येईल. वहीत गाडीगणिक मापे, घातलेला भाग आणि तारीख लिहून त्याची प्रत मालकाला द्यावी. पुढच्या वेळी इंजिन खोलणाऱ्याला, मग तो कोणीही असो, तो कागद मार्गदर्शक ठरेल.

शेवटी, पैशाची ओढाताण असलेल्या मालकासाठी एवढेच. सर्व काम एकदम करणे शक्य नसेल, तर अर्धवट भाग घालून इंजिन बंद करण्याऐवजी मापांची यादी करून घ्यावी, पैसे जमेपर्यंत सिलिंडरला तेल लावून तो कोरड्या जागी गुंडाळून ठेवावा आणि पावसाळ्यातील दमट हवेपासून जपावा. मापून घेतलेला एक भाग अंदाजाने घेतलेल्या तीन भागांपेक्षा स्वस्त पडतो. हे ध्यानात ठेवले, तर रांगेतली पिवळ्या मडगार्डाची गाडी लवकर रस्त्यावर येईल आणि तिच्यावर अवलंबून असलेली चूलही पेटती राहील.