जी झिरो वन लिहिणारी बोटं

तुमच्यापैकी बरेच जण पहिली शिफ्ट संपवून थेट इथं आला आहात, म्हणून मशीनपासूनच सुरुवात करतो. सीएनसीवर जी झिरो झिरो दिलं की टूल हवेतून झपकन जागेवर जातं. जी झिरो वन दिलं की ठरवलेल्या फीडनं धातू कापत जातं. एक आकडा चुकला तर टूल जॉबवर आपटतं. कागल पंचतारांकित एमआयडीसीतला ऑपरेटर रोज ही भाषा लिहितो. त्याला लिनक्सचा, कमांड टाइप करायचा काळा पडदा जड जाईल, हे मला पटत नाही.

पण तो पडदा आपल्याला लागतो कशाला? आपला पट्टा ओतकामाचा. कास्टिंग गोठताना जाड भाग सगळ्यात शेवटी गोठतो, धातू आकसतो आणि आत श्रिंकेजची पोकळी राहते. ती पोकळी भरायला जादा धातू पुरवणारा रायझर कुठं ठेवायचा, हे पूर्वी ओतून, कापून, बघून ठरायचं. आता कास्टिंगचे लाखो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकाचं तापमान आधीच काढता येतं. या तुकड्यांची जाळी बारीक केली की टेबलावरचा संगणक पुरत नाही; अनेक संगणक जोडलेला क्लस्टर लागतो. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि 1991 मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम 8000 हा महासंगणक तयार झाला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र राबवूनच. जगातल्या सर्वांत वेगवान 500 संगणकांच्या यादीत नोव्हेंबर 2017 पासून सगळीच यंत्रं लिनक्सवर चालतात.

आपल्या संगणकावरून एसएसएच या कमांडनं क्लस्टरमध्ये शिरलात की तुम्ही लॉगिन नोडवर असता. ते गेटवरचं ऑफिस समजा, शॉप फ्लोअर नव्हे. तिथंच गणित सुरू केलं तर बाकी सगळ्यांचं काम अडतं. किती कोअर (वाळूचे नव्हेत, प्रोसेसरचे), किती मेमरी, किती वेळ, हे एका फाईलमध्ये लिहायचं आणि रांग सांभाळणारा स्लर्म हा प्रोग्रॅम असेल तिथं एसबॅच या कमांडनं जॉब रांगेत लावायचा. वेळ उगाच जास्त मागू नका. मोठ्या जॉबची वाट बघताना मोकळ्या राहिलेल्या फटीत छोटा जॉब बऱ्याचदा आधी बसतो.

आता आरएमविषयी. ही कमांड फाईल पुसते आणि परत आणून देणारी कचरापेटी तिथं नसते. तारा म्हणजे ‘सगळं’. तारा, टिंब, लॉग हे जोडून लिहिलं तर फक्त लॉग फाईली जातात. मी एकदा ताऱ्यानंतर स्पेस सोडली; तारा एकटा पडला, म्हणजे ‘सगळं’ पुसा. तीन दिवसांच्या गणिताची सगळी उत्तरं गेली आणि ती पुन्हा काढायला तीन दिवस लागले.

तेव्हापासून मी आधी एलएस लिहितो, पुढं तोच तारा, तेच टिंब, तोच लॉग. जे पुसलं जाणार त्याची यादी पडद्यावर येते. ती सावकाश वाचतो. मग वरचा बाण दाबून एलएसच्या जागी आरएम करतो. नवा प्रोग्रॅम घातल्यावर तुम्ही जॉब न लावता, टूल हवेत फिरवून ड्राय रन घेता ना? अगदी तेच.