कुणी मोजलं?



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. मांडुळाला तोंडं किती? ज्यांना वाटतं दोन, त्यांनी हात वर करा. बरेच हात आहेत की! लाजू नका. काही वर्षांपूर्वी विचारलं असतं तर माझाही हात वर असता. याचं उत्तर मी शेवटी देणार आहे.

मला अजबगजब माहितीची लहानपणापासून आवड. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत कोपऱ्यात एक चौकट असायची, 'तुम्हाला माहीत आहे का?' बातम्यांच्या आधी मी ती वाचायचे, कापून वहीत चिकटवायचे. आता ती चौकट फोनमध्ये आली आहे आणि दिवसाला चाळीस वेळा येते. फरक एवढाच, की वही माझ्यापाशी राहायची. फोनवरची माहिती मी पुढे पाठवते. आणि पुढे पाठवली की तिची थोडी जबाबदारी माझ्यावर येते. हे मला उशिरा कळलं, आणि ते कळायला माझी भाची कारण झाली.

माझं माहेर सांगलीकडचं. वीस वर्षं बेंगळूरुत आहे. गावाकडून पाहुणे आले की त्यांना लालबागेत न्यायचं आणि वाटेत शहराच्या नावाची गोष्ट सांगायची, हा माझा ठरलेला कार्यक्रम. गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. होयसळ राजा वीर बल्लाळ दुसरा शिकारीला गेला, रानात वाट चुकला, भुकेने कासावीस झाला. एका म्हातारीने त्याला शिजवलेले दाणे खायला दिले. कन्नडमध्ये 'बेंद' म्हणजे शिजलेले, 'काळु' म्हणजे दाणे, 'ऊरु' म्हणजे गाव. बेंदकाळूरु. त्याचं झालं बेंगळूरु!

पाहुणे खूश व्हायचे. एकदा आठवीतली भाची बरोबर होती. तिने शांतपणे विचारलं, "मावशी, हे लिहून कुणी ठेवलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग शोधलं. शहराच्या दक्षिणेला बेगूर नावाची वस्ती आहे, आता ती शहरातच आली. तिथल्या नागेश्वर मंदिरात एक वीरगळ आहे. वीरगळ आपल्याला नवीन नाहीत, महाराष्ट्रात गावोगावी देवळाबाहेर उभे असतात. बेगूरचा वीरगळ गंग राजवटीतला, इ. स. ८९०च्या सुमाराचा. त्यावरच्या कन्नड लेखात 'बेंगळूरु'च्या लढाईचा उल्लेख आहे. आणि आपले वीर बल्लाळ महाराज गादीवर आले ११७३ मध्ये. म्हणजे राजा भुकेला होण्याच्या जवळपास तीनशे वर्षं आधी गावाला हेच नाव होतं! महाराजांनी दाणे खाल्लेही असतील, मी नाही म्हणत नाही. पण नाव त्यांच्यामुळे पडलेलं नाही.

मंडळी, त्या दिवसापासून पाहुण्यांना मी बेगूरला नेते. दाण्यांची गोष्टही सांगते, पण गोष्ट म्हणून. पुढे मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाकडे वळते. तिथे १६६९चा शिलालेख आहे. त्यात व्यंकोजीराजांनी, म्हणजे शहाजीराजांचे चिरंजीव आणि शिवरायांचे सावत्र भाऊ, त्यांनी देवळासाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची नोंद आहे. आपल्या माणसांना तो दगड बघताना जो आनंद होतो, तो कुठल्याही फॉरवर्डने होत नाही.

तर भाचीचा प्रश्न मी उचलला. कुठलीही अजब माहिती आली की विचारायचं: कुणी पाहिलं? कुणी लिहिलं? कुणी मोजलं? आज हाच प्रश्न घेऊन आपण थोडं फिरू या.

पहिला मुक्काम, सिटी मार्केट. इथे ५ ऑगस्ट १९०५ रोजी विजेचे पथदिवे लागले. फोनवर येतं, "विजेचे पथदिवे लागलेलं आशियातलं पहिलं शहर बेंगळूरु!" छाती फुगते. पण शांघायमध्ये विजेचे दिवे १८८२ मध्येच रस्त्यावर आले होते, आणि त्याच वर्षी टोकियोच्या गिंझा भागातही विजेचा दिवा उजळला. म्हणजे 'पहिलं' गेलं. वाईट वाटलं? वाटून घेऊ नका, कारण खरी हकिकत जास्त मोठी आहे. कावेरीच्या काठी शिवनसमुद्रला १९०२ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झालं. त्याची वीज आधी शहरात आलीच नाही. ती गेली कोलारच्या सोन्याच्या खाणींना, जवळपास १४७ किलोमीटर लांब. त्या काळात एवढ्या लांब वीज नेणाऱ्या तारा जगात मोजक्याच होत्या. कंदिलाच्या जमान्यात नदीचं पाणी तारेवरून सोन्याच्या खाणीत उतरलं, आणि मग तीन वर्षांनी बाजारातला दिवा लागला. सांगा, 'आशियात पहिलं' या दोन शब्दांत यातलं काय येतं?

दुसरा मुक्काम, लालबाग. आत शिरलं की मोठा खडक दिसतो, त्यावर केंपेगौडांचा बुरूज आहे. लोक तिथे बसून शेंगा खातात. तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. आता विचारा, कुणी मोजलं? वय मोजायला खडकाला जन्मदाखला कुठला? दाखला असतो. अशा खडकांत झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. ते तयार होताना त्यांच्यात थोडं युरेनियम अडकतं. युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं, आणि ते ठरलेल्या वेगाने होतं. युरेनियमच्या मुख्य प्रकारातलं निम्मं संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं हे प्रयोगशाळेत मोजलं की वय निघतं. घड्याळ दगडाच्या आतच आहे.

आता आपल्याकडचं बघा. सह्याद्रीचा काळा कातळ, ज्यावर रायगड उभा आहे, तो साधारण ६.६ कोटी वर्षांचा. आपण म्हणतो, सह्याद्री किती प्राचीन! लालबागेतला खडक त्याच्या पंचेचाळीस पट जुना आहे, आणि तो बघायला गड चढावा लागत नाही.

तिसरा मुक्काम विक्रमांचा. विक्रमांचं पुस्तकच मुळी एका वादातून निघालं. १९५१ मध्ये आयर्लंडमध्ये ह्यू बीव्हर नावाचे गृहस्थ शिकारीला गेले होते. गिनेस या मद्य कंपनीचे ते अधिकारी. शिकारीच्या पक्ष्यांत युरोपातला सर्वांत वेगवान कोणता, यावरून वाद झाला आणि उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडेना. त्यांना वाटलं, असे वाद रोज दारूच्या गुत्त्यांत होत असणार. १९५५ मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे मुळात हे पुस्तक 'कुणी मोजलं?' याच प्रश्नाचं.

त्यात आपल्या बेंगळूरुच्या शकुंतलादेवी आहेत. वडील सर्कशीत कामाला होते, पत्त्यांचे खेळ करताना मुलीची आकड्यांची स्मरणशक्ती त्यांच्या लक्षात आली. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्यांना तेरा-तेरा अंकी दोन संख्या दिल्या: ७,६८६,३६९,७७४,८७० आणि २,४६५,०९९,७४५,७७९. गुणाकार करा. २८ सेकंदांत उत्तर आलं: १८,९४७,६६८,१७७,९९५,४२६,४६२,७७३,७३०.

हे उत्तर आपण इथेच तपासू या. कॅल्क्युलेटर नको, जुनी शाळेतली युक्ती पुरे. पहिल्या संख्येतले सगळे अंक मिळवा: ७८. सात आणि आठ पंधरा, एक आणि पाच सहा. दुसऱ्या संख्येतले: ७४. सात आणि चार अकरा, एक आणि एक दोन. सहा दुणे बारा, एक आणि दोन तीन. आता उत्तरातले अंक मिळवा: १३८. एक, तीन आणि आठ बारा. एक आणि दोन तीन. जुळलं! हा ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चूक. जुळला तर बहुतेक बरोबर; अंकांची अदलाबदल झाली असेल तर ती यात पकडली जात नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि वेगाचं काय? आर्थर जेन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये त्यांची चाचणी घेतली. ६,१६,२९,८७५ चं घनमूळ किती, १७,०८,५९,३७५ चं सातवं मूळ किती, असे प्रश्न. जेन्सन प्रश्न वहीत उतरवून घेईपर्यंत उत्तरं आलेली असायची: ३९५ आणि १५. घरी जाऊन पडताळून बघा.

चौथा मुक्काम, भारतीय विज्ञान संस्था. आपल्या खिडकीच्या वर, गॅलरीच्या कोपऱ्यात कागदासारखं पोळं करणारी एक लहान, तांबूस गांधीलमाशी असते. शास्त्रीय नाव रोपॅलिडिया मार्जिनाटा. आपण झाडू शोधतो. राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मात्र वही आणि रंग घेतले. प्रत्येक माशीच्या अंगावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके दिले, म्हणजे ही कोण, ती कोण ते कळावं, आणि वर्षानुवर्षं नोंदी केल्या.

काय दिसलं? आपल्याला वाटतं राणी म्हणजे दरारा. या पोळ्यातली राणी गरीब! ना कुणाला मारते, ना हाकलते. तिचा अंमल चालतो तो वासावर. पोटाचं टोक पोळ्यावर घासून ती आपला रासायनिक निरोप ठेवते. राणीला काढून घेतलं की काही मिनिटांतच एक कामकरी माशी एकदम भांडखोर होते. हीच पुढची राणी. तिने अंडी घालायला सुरुवात केली की तीही हळूहळू शांत होते. आणखी गंमत म्हणजे, राणी असेपर्यंत पुढची राणी कोण हे शास्त्रज्ञांना ओळखता येत नाही, पण त्यांचे प्रयोग सांगतात की माश्यांना ते ठाऊक असतं. 'माश्यांना वारस माहीत असतो' हे वाक्य मला फॉरवर्डमध्ये आलं असतं तर मी हसले असते. रंगाचे ठिपके माहीत आहेत म्हणून विश्वास बसतो.

आता शेवटचा मुक्काम. मांडूळ.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या घरच्या ग्रुपवर एक माहिती टाकली होती. "मांडुळाला दोन तोंडं असतात. सहा महिने एका तोंडाने चालतं, सहा महिने दुसऱ्या!" खाली दोन-चार आश्चर्याचे चेहरे आले. दोन दिवसांनी गावाकडून चुलतभावाचा फोन. म्हणाला, "अक्का, तू पाठवलंस ना, तसलं एक आपल्या उसात सापडलंय. पोत्यात घालून ठेवलंय. बेंगळूरुत गिऱ्हाईक मिळंल काय?"

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. गंमत म्हणून पाठवलेली ओळ पोत्यापर्यंत पोचली होती.

आता उत्तर ऐका. मांडुळाला तोंड एक. दुसऱ्या टोकाला शेपूट, पण ती बोथट असते, डोक्यासारखी दिसते. धोका वाटला की मांडूळ डोकं वेटोळ्यात लपवतं आणि शेपूट हलवतं. शत्रूने चावा घेतला तर शेपटीला, डोकं शाबूत. बिनविषारी आहे. अंडी घालत नाही, पिल्लं देतं. उंदीर खातं, म्हणजे शेतकऱ्याचं काम फुकटात करतं. कधी कधी दोन डोक्यांचा साप खरोखर जन्मतो, पण तेव्हा दोन्ही डोकी एकाच टोकाला असतात.

पण 'दोन तोंडं' हे नवल पसरलं, त्याला गुप्तधन चिकटलं, पैशांचा पाऊस चिकटला. वजन जास्त तितकी किंमत जास्त, असा काळा बाजार उभा राहिला. बेंगळूरु, पुणे, ठाणे, कुठलीही बातमी काढा, मांडूळ विकायला आलेले लोक पोलिसांनी पकडल्याचं वर्षानुवर्षं वाचायला मिळतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. आणि ज्याच्या शेपटीने त्याला शत्रूपासून वाचवायचं, तीच शेपूट त्याला आपल्या तावडीत देते.

भावाला मी म्हटलं, "आधी पोतं उघड. एकच तोंड आहे, नीट बघ. डोळे एकाच टोकाला दिसतील." तासाभराने त्याचा फोन आला. "व्हय अक्का, एकच हाय. सोडलं बांधावर."

ग्रुपवर मी दुरुस्ती टाकली. तिला आश्चर्याचे चेहरे आले नाहीत, एकच अंगठा आला. भाचीचा.

अजब माहिती जरूर वाचा, सांगा, पाठवा. जग खरोखरच अजब आहे, त्याला आपल्या भरीची गरज नाही. पाठवण्याआधी फक्त एकदा थांबा आणि विचारा, कुणी मोजलं? उत्तर मिळालं तर तेही बरोबर पाठवा, कारण बहुतेक वेळा तोच भाग सर्वांत मजेदार असतो. आणि नाही मिळालं तर ती ओळ आपल्यापाशीच राहू द्या.

तर, मांडुळाला तोंडं किती? हात वर करू नका, मोठ्याने सांगा!