गटाच्या पैशानं समुद्र बघायचा का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मनोगत)



मागच्या सभेत मी अभ्यास दौऱ्याचं नाव काढलं, तेव्हा पाठीमागून आवाज आला, "गटाच्या पैशानं समुद्र बघायचा व्हय?" आवाज कुणाचा ते सांगत नाही. पण प्रश्न रास्त होता, म्हणून आज त्याच्यावरच बोलते.

मी जानेवारीत सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला जाऊन आले. आपल्या संभाजीनगरहून तपोवनने दादर, तिथून रात्रीची तुतारी, दुसऱ्या दिवशी कुडाळ आणि पुढे एस.टी. अंग आंबून जातं, खोटं कशाला बोलू!

वेंगुर्ल्याला मांडवीची खाडी आहे. वरून येणारं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी मिसळतं, ती खाडी. तिथं स्वामिनी बचत गटाच्या बाया 2017 पासून पाहुण्यांना होडीत बसवून कांदळवन दाखवतात. वल्हं मारणारी बाई, माहिती सांगणारीही बाईच. सुरुवातीला सरकारचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पाची मदत होती. पण होडीत पाहुणा बसल्यावर बोलावं तर त्यांनाच लागतं ना!

आम्ही आधी न विचारता भर दुपारी पोचलो. ओहोटी होती, पाणी खाली गेलेलं. दोन तास काठावर बसलो, वेंगुर्ल्याची काजूगर घातलेली उसळ खाल्ली. चूक आमचीच. तिथलं घड्याळ भरतीवर चालतं.

मग होडी आत शिरली. दोन्ही बाजूंनी झाडं, पायाखाली चिखल. त्या चिखलात हवा नसते, म्हणून काही झाडांची मुळं जमिनीतून वर खिळ्यांसारखी उभी राहून श्वास घेतात. काहींचं बी झाडावरच रुजतं, शेंगेएवढं लांब होतं आणि मग खाली पडतं. लेकराला पायावर उभं केल्याशिवाय माय सोडत नाही, तसंच वाटलं मला. मुळांच्या जाळीत मासे, कोळंबी, खेकड्यांची पिल्लं वाढतात. झाड तोडलं की कोळ्याचं जाळं रिकामं. खंड्या, बगळे तर हाताच्या अंतरावर दिसले. पलीकडे समुद्राची वाळू, पण खरं सांगते, मला समुद्रापेक्षा ती खाडीच जास्त आठवते.

त्या झाडांना आधी फक्त सरपण समजलं जायचं. आज तीच उभी आहेत म्हणून होडीला पाहुणा मिळतो.

आता आपल्या पैठणचं बोलू. आपल्या नाथसागराचं धरण 1976 मध्ये पूर्ण झालं. पाण्याखाली आपल्यातल्याच कितीतरी जणींच्या सासरची रानं गेली. 1986 पासून तिथं पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो, रोहित पक्षी येतात, शहरातून लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात. ते चहा कुठं पितात? जेवतात कुठं? आपल्या गावातल्या किती जणींना त्यातला एक रुपया मिळतो? पाण्यात रान आपलं गेलं, काठावरची कमाई दुसऱ्याची, हे मला बघवत नाही.

लगेच होड्या घ्या असं मी म्हणत नाही. अभयारण्य आहे, वनविभागाची परवानगी लागते, आणि नाथसागर काही खाडी नाही. पण भाकरी-ठेचा, राहायची सोय, पक्ष्यांची नावं सांगणारी आपलीच पोरगी, एवढं जमण्यासारखं आहे. कसं जमवायचं, हिशोब कसा ठेवायचा, पाहुणा उद्धट वागला तर काय करायचं, हे वेंगुर्ल्याच्या बायांना समोरासमोर विचारायचंय. हे माझ्या तोंडून ऐकून कळायचं नाही.

पैशाचं बोलते. कर्जवाटपाच्या रकमेला हात लावायचा नाही. जिला यायचं तिने दरमहा 100 रुपये वेगळे टाकायचे, वर्षभर. उरलेल्या खर्चासाठी प्रभागसंघात ठराव मांडू. म्हशीचं दूध कोण काढणार, सासूबाईंना कोण बघणार, हे ज्या त्या गटानं आधीच ठरवून घ्यायचं. घरचे अडवत असतील तर मी स्वतः येऊन बोलेन, आणि एकटी नाही, तुमच्या गटाच्या अध्यक्षांना घेऊन येईन.

आणि एक. आजवर जी माहेर-सासर सोडून कुठंच मुक्कामाला गेली नाही, तिचं नाव यादीत पहिलं लिहायचं. पुढच्या सभेला वही घेऊन येते.