मालगाडीची राखण कोणी करायची?



2022 च्या जानेवारीत अमेरिकेतील लॉस एंजल्स शहराच्या लिंकन हाइट्स भागातल्या रुळांची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. रुळांवर फाटलेल्या खोक्यांचा खच पडला होता. कंटेनरांची मालगाडी मंदावली वा थांबली की चोर वर चढत, कुलपे तोडत, हवा तो माल घेऊन उरलेला तेथेच टाकून देत. चोरीस गेलेल्या मालात बंदुकाही होत्या. 20 जानेवारीस गव्हर्नर न्यूसम साफसफाईसाठी तेथे गेले. हे दृश्य तिसऱ्या जगातील देशासारखे दिसते, असे ते म्हणाले.

या मार्गाची मालकी युनियन पॅसिफिक या खाजगी कंपनीकडे आहे. डिसेंबर 2021 मध्ये तिने जिल्हा सरकारी वकिलांना पत्र लिहिले. चोऱ्या वर्षभरात 160 टक्क्यांनी वाढल्या आणि पकडलेले आरोपी लगोलग सुटतात, अशी तिची तक्रार होती. ती सर्वस्वी निराधार नव्हती. पण सरकारी वकिलांनी उत्तरात कंपनीचाच हिशेब मांडला. खटल्यासाठी तिच्याकडून 2019 मध्ये 78 प्रकरणे आली होती, 2021 मध्ये अवघी 47. चोऱ्या वाढल्या आणि प्रकरणे मात्र घटली!

2018 पासून या कंपनीने लांब गाड्या आणि कमी माणसे असे धोरण अवलंबिले. त्या वर्षी सुमारे 42 हजार असलेले कर्मचारी 2021 मध्ये 30 हजारांच्या आसपास उरले. 2021 चा निव्वळ नफा मात्र सुमारे साडेसहा अब्ज डॉलर होता. नोकरकपातीमुळेच चोऱ्या झाल्या, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. महामारीच्या काळात बंदरांवर माल तुंबला होता, हेही खरे. परंतु जिने स्वतःची माणसे कमी केली, तिने सारा दोष न्यायालयांच्या माथी मारावा, हे न्यायाला धरून नाही.

अमेरिकेत रेल्वे कंपन्यांचे स्वतःचे पगारी पोलीस असतात. त्यांना अटकेचा अधिकार असतो, पण त्यांची संख्या ठरवितो मालक. भारतात हे काम 1957 च्या कायद्याने स्थापन झालेले रेल्वे सुरक्षा दल करते. चोरीचा रेल्वेमाल बाळगणाऱ्यांसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून येथे वाघिणी फुटत नाहीत, असे मुळीच नाही. फरक इतकाच की, येथे रेल्वेमंत्र्यांना संसदेत जाब विचारता येतो. तेथे कंपनी उत्तरदायी असते ती भागधारकांना.

मजबूत कुलपे, कुंपण, कॅमेरे, ड्रोन हे सारे हवेच. पण कॅमेऱ्याला चोर दिसला तरी त्याला अडविण्यासाठी माणूसच धावून जावा लागतो. गाडी वस्तीलगत ताटकळू नये, यासाठीही यार्डात पुरेसे हात लागतात. म्हणून रखवालीवरील किमान माणूसबळ कायद्याने ठरवून द्यावे आणि गाडी कोठे व का खोळंबते हे रोज पाहणाऱ्या कामगारांना सुरक्षेच्या नियोजनात स्थान द्यावे. नफा मालकाचा आणि पहारा जनतेच्या खर्चाने, हा व्यवहार चोराच्याही सोयीचाच आहे.