मुलींच्या संघाला कोच कोण देणार?

(अकोल्यात झालेल्या युवक-युवतींच्या मेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला ‘करिअर’ या विषयावर बोलायला बोलावलं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे तुम्हाला वाटलं असेल की हा आता कोडिंग, पॅकेज आणि पुण्यातल्या नोकऱ्यांवर बोलणार. ते सगळं यूट्यूबवर मिळतं. मी आज वेगळ्याच नोकरीबद्दल बोलणार आहे: मुलींच्या फुटबॉल संघाचा कोच. आपल्या अकोला-अमरावतीत कुणी मुलगी ही नोकरी ‘करिअर’ म्हणून सांगते, असं मी तरी ऐकलेलं नाही. आणि असं का, यात थोडा माझाही हात आहे.

मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझी धाकटी बहीण इथे अकोल्यात नववीत होती. त्या वर्षी तिच्या शाळेत खेळाच्या एक नवीन मॅडम आल्या आणि त्यांनी मुलींचा फुटबॉल संघ काढला. माझी बहीण लेफ्ट विंगला खेळायची. सलवार-कुर्ता, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि पायात माझेच जुने बूट, पुढे कापूस कोंबून. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. वर्ष संपलं, त्यांचं कामही संपलं. पुढच्या वर्षी बाहेरचे एक सर सराव घेणार असं कळलं.

मी सुट्टीत घरी आलो आणि अब्बूंना म्हणालो, ‘‘आता पुरे. लोक बोलतात.’’ खरं सांगतो, माझ्याशी एकही माणूस बोललेला नव्हता. अब्बूंची ना नव्हती, अम्मीचीही नव्हती. घरात शिकलेला मुलगा मी, म्हणून माझं ऐकलं गेलं. बहीण एवढंच म्हणाली, ‘‘भाई, एकदा येऊन बघ तरी.’’ मी गेलो नाही.

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. अ‍ॅन्सन डोरन्स. अमेरिकन माणूस, पण जन्म मुंबईचा, १९५१ सालचा. वडील तेल कंपनीत, म्हणून बालपण देशोदेशी गेलं. पुढे तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आला, वकिलीचा अभ्यास अर्धवट सोडून फुटबॉल शिकवू लागला. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात. १९७९ मध्ये विद्यापीठाने मुलींचा अधिकृत संघ सुरू केला आणि तो त्याच्या हाती दिला. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर २२ राष्ट्रीय अजिंक्यपदं होती. मधल्या काळात तो अमेरिकेच्या महिला संघाचाही कोच होता आणि १९९१ मध्ये चीनमध्ये झालेला महिलांचा पहिला विश्वचषक त्याच संघाने जिंकला.

आपण म्हणू, काय जबरदस्त माणूस! असेल. पण मला त्या २२ पेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: ४५. तो ४५ वर्षं एकाच पदावर होता. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीला माहीत असायचं की आपण शेवटच्या वर्षाला असू तेव्हाही सर इथेच असतील. आणि हे पद आभाळातून पडलेलं नव्हतं. १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद चालणार नाही. त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात. त्यानंतर कॉलेजांना मुलींसाठी संघ काढावे लागले, त्या संघांना मैदान, कोच आणि कोचला पगार द्यावा लागला. आधी कायदा, मग पद, मग अजिंक्यपदं. माझ्या बहिणीच्या मॅडम कमी नव्हत्या. त्यांना एकच वर्ष मिळालं.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. १९९८ मध्ये डोरन्सच्या दोन माजी खेळाडू कोर्टात गेल्या. तो मुलींच्या खासगी आयुष्याबद्दल नको ते बोलतो, ही त्यांची तक्रार होती. त्याने छळाचा आरोप नाकारला, पण आपल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. प्रकरण तडजोडीने मिटायला २००८ उजाडलं. म्हणजे माणूस कितीही मोठा असला तरी आईबापांची काळजी खोटी नसते. पण काळजीवर उपाय मुलीला घरी बसवणं हा नाही. उपाय म्हणजे नियम. आपल्याकडे ते आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. कॉलेजात २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तुमच्या कॉलेजच्या समितीत कोण आहे, हे इथल्या किती जणींना माहीत आहे? उद्या जाऊन विचारा. मी त्या वेळी ‘बाहेरचे सर’ म्हणून घाबरलो होतो, तर शाळेत जाऊन विचारायला हवं होतं की सरावाला एखाद्या बाई सोबत असतील का, आम्ही घरचे येऊन बसू शकतो का. मला ते सुचलं नाही. बंद करणं सोपं होतं.

आणि कोच बाईच असेल तर? भारताचा महिला फुटबॉल संघ १९७० च्या दशकापासून खेळतो आहे. त्याच्या मुख्य कोचपदी पहिली स्त्री आली २०१७ मध्ये: गोव्याच्या मेमोल रॉकी. त्या स्वतः भारताकडून खेळलेल्या. त्यांच्या काळात आपला संघ ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा पोचला, २०१९ मध्ये सॅफ स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी दक्षिण आशियाई स्पर्धांचं सुवर्णही. २०२१ मध्ये त्यांनी पद सोडलं. चाळीसेक वर्षं वाट बघून मिळालेली ती चार वर्षं. जी मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती, तिने टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलं की सीमारेषेवर उभं राहून ओरडून सूचना देणारी बाईही असू शकते.

गोवा लांब वाटत असेल तर नागपूर घ्या. विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात खेळाचे प्राध्यापक होते. झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली फुटबॉलसारखी लाथाडताना त्यांनी पाहिली आणि २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ सुरू केलं. ‘झुंड’ सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल. कॉलेजातल्या एका खेळाच्या मास्तराने ठरवलं तर काय होतं, त्याचं हे आपल्या विदर्भातलं उदाहरण.

आणि अमरावती! शारीरिक शिक्षणासाठी देशभरातून पोरं-पोरी जिथे येतात ते हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तिथे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूने जर्मनीत जाऊन कबड्डी दाखवली होती. मी चार वर्षं त्याच शहरात राहिलो, पण तिथे शिकून माझी बहीण कोच होऊ शकते, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. आपल्या मोहल्ल्यात हुशार मुलीसाठी तीनच रस्ते ठरलेले: डी.एड., नर्सिंग, नाहीतर लग्न. बी.पी.एड. कुणी सुचवतच नाही.

कपड्यांचा प्रश्न येतोच, म्हणून तेही बोलतो. २०११ मध्ये इराणच्या मुलींना हिजाबमुळे ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला नव्हता. २०१४ मध्ये फिफाने डोकं झाकून खेळायला कायमची परवानगी दिली. २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. म्हणजे ‘खेळात चालत नाही’ हे कारण आता उरलेलं नाही. डोकं झाकायचं की नाही, हे त्या मुलीने ठरवावं. कोचने नको, आणि भावाने तर नकोच. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेसोबत मुस्लिम मुली फुटबॉल खेळू लागल्या, त्यांनी सह्या गोळा करून मुलींसाठी मैदान मागितलं. त्या तुमच्या-आमच्यासारख्याच घरांतल्या.

मग करायचं काय? आमच्या कामात एक साधी गोष्ट शिकवतात: सगळी यंत्रणा एकाच माणसावर उभी असेल, तर तो गेला की सगळं बंद पडतं. माझ्या बहिणीच्या संघाचं तेच झालं. म्हणून एक नाही, पाच कोच हवेत.

मैत्रिणींनो, अठरा पूर्ण झाली असतील तर भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्स कोर्सची माहिती काढा. त्यावर सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत. उत्तम खेळाडू असायलाच हवं असं नाही. शिकवायची आवड आणि रोज वेळेवर यायची सवय हवी. कॉलेजात असाल तर दहा जणी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, की मुलींचा संघ हवा आणि त्याला कोच हवा. तोंडी मागितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. अर्जाची पोच घ्या.

मुलांनो, तुमच्यासाठी एकच काम. मैदानावर संध्याकाळी आपणच असतो. रोजचा एक तास सोडा. आणि त्या तासाला कठड्यावर बसून शेरे मारणाऱ्याला उठवायचं कामही आपलंच.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. आम्ही चार मित्र मिळून यंदा अकोल्याच्या दोन मुलींची कोर्सची फी भरणार आहोत. उपकार म्हणून नाही. मी एक खेळाडू कमी केली आहे, ती भरपाई करायची आहे.

मागच्या ईदला बहिणीला हे सगळं बोलून दाखवलं, माफी मागितली. ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, ‘‘माझं जाऊ दे. माझी पोरगी सहा वर्षांची आहे, दिवसभर भिंतीवर बॉल मारते. तिला शिकवायला कोण आहे, ते सांग.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तो प्रश्न घेऊन मी आज तुमच्याकडे आलो आहे. कार्यक्रमानंतर मी दाराजवळ थांबतो. ज्यांना डी लायसन्स करायचं आहे, त्यांनी नाव लिहून द्या.